पोरगं आदत हाय!

परवापासून आमचे थोरले चिरंजीव दिसेल त्याच्यासमोर आ करून उभे राहतायत. दूधवाला आला, आ. शेजारच्या काकू आल्या, आ. दात मोजून झाले की लोक पाठीवर थाप मारतात असा त्याचा पक्का समज झालाय आणि तो कुणी करून दिला ते सांगायलाच हे लिहायला बसले, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

साताऱ्याहून माहेरी कराडला निघाले होते. साधी गाडी, सगळीकडे थांबणारी. पन्नास-बावन्न किलोमीटर तर आहे, तासा-दीड तासात पोचू, असं मी म्हटलं आणि नवऱ्याने पण मान डोलावली, त्याचं काय जातंय, तो येणार नव्हता. थोरला खिडकीशी, मी शेजारी, मांडीवर धाकटी. धाकटी सात महिन्यांची, आणि सध्या आमच्याकडे दात हा एकच विषय आहे. दिवसाला सहा लाळेरी भिजतात, हनुवटीवर लाल पुरळ, रात्री दर तासाला उठून माझा खांदा चावते. खालच्या हिरडीत दोन पांढरे ठिपके दिसायला लागलेत, चमच्याला लागून टिक्क वाजतात. बास, एवढ्या दोन ठिपक्यांसाठी घरातली चार माणसं दोन महिने झोपलेली नाहीत.

तर कंडक्टर आले. माझं हाफ, म्हणजे १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे तसं. मग थोरल्याकडे बघून सहज विचारलं, "ताई, याचं वय?"

"साडेचार," मी म्हणाले. खरं म्हणजे चार वर्षं आठ महिने. पाच पूर्ण झाले की अर्धं तिकीट, त्याच्या आत फुकट, हे सगळ्यांना माहिती आहे.

"नाय! मी पाच वर्षांचा आहे!" आणि पाची बोटं पसरून पंजा कंडक्टरच्या तोंडासमोर.

सगळी गाडी वळून बघायला लागली. आता यात कंडक्टरचा काही दोष नाही, त्यांनी आवाजही चढवला नाही, नुसते हसले, पण ते हसू मला तिकिटापेक्षा महाग पडलं. चूक माझीच होती. रोज जेवताना मीच ओरडते, "पाच वर्षांचा घोडा झालास, अजून भरवू का?" आता आयांचा हिशोब असा असतो की रागावताना वय वरच्या आकड्याला जातं आणि तिकिटाला खालच्या. हे चारचौघांत कसं सांगणार? निळं बाल आधार घरी कपाटात, त्याचा फोटो मोबाईलमध्ये आणि मोबाईल कार्टून बघून बघून शेंद्र्यालाच मेलेला.

आणि इथे आजोबांची एंट्री झाली.

बोरगावला चढले होते. पांढरा फेटा, धोतर, हातात काठी, खांद्यावर उपरणं. पंच्याहत्तरीच्या पुढचे, म्हणजे तिकीट पूर्ण माफ. आमच्या सीटला टेकून उभेच होते. म्हणाले, "मास्तर, थांबा जरा. भांडाय काय झालंय? आ कर रं बाळा."

आमच्या बाळाने डॉक्टरांपुढे आजवर कधी तोंड उघडलेलं नाही. मागच्या महिन्यात दोन नर्स आणि मी, तिघी मिळून धरून पण नाही. इथे मात्र गुहा उघडावी तसा जबडा उघडला. आजोबा वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि काठीच्या हातानेच त्याची हनुवटी वर केली.

"बैलाचं वय मालकाच्या तोंडाकडं बघून कळत न्हाई," ते सगळ्या गाडीला उद्देशून म्हणाले, "बैलाच्याच तोंडात बघावं लागतं."

म्हणजे मालक मी.

मग जे सुरू झालं ते नागठाण्यापर्यंत चाललं. आदत म्हणजे काय (एकही दुधाचा दात न पडलेला), दुसा कधी होतो (दोन पक्के दात आले की), चौसा कसा ओळखायचा (चार पक्के दात), आठी दात आले की बैल जुळला, मग पुढं नुसती झीज बघायची. बैलांच्या शर्यतीत आदतच्या गटात दुसा बैल घालून कोण कसं फसवतं आणि आपण एकदा कुणाला कसं पकडलं. मागच्या सीटवरचा एक कॉलेजचा पोरगा इयरफोन काढून ऐकायला लागला, त्याच्या मामाकडे खोंड होता म्हणे. कंडक्टर मशीन हातात धरून उभे. माझा मुलगा आ करून उभा, लाळ गळतेय, आता कुणाला दात येतायत हेच कळेना.

"समदं दुधाचं हाय. एक बी पडल्याला न्हाई. पोरगं आदत हाय!" निकाल लागला.

आता खरं बोलायचं तर हा पुरावाच नव्हे. माणसाचे दुधाचे वीस दात तिसऱ्या वर्षापर्यंत येऊन बसतात आणि पहिला पडतो साधारण सहाव्या वर्षी, मध्ये चार काय नि पाच काय, तोंड सारखंच. पण हे मी बोलले नाही, कारण निकाल माझ्या बाजूने होता. कंडक्टर म्हणाले, "राहू द्या ताई," आणि पुढे गेले. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच आजोबा म्हणतात, "मग बिनतिकिटाचा हाय न्हवं? घ्या की मांडीवर. म्हाताऱ्यानं कुठवर हुबं ऱ्हायाचं?"

म्हणजे एवढ्या सगळ्या पशुवैद्यकीचा शेवट हा होता. अर्धं तिकीट काढलं असतं तर निदान सीट तरी राहिली असती! एका मांडीवर सात महिने, दुसऱ्यावर चार वर्षं आठ महिने, आणि खिडकीत आजोबा. खिडकीत हां, कडेला पण नाही.

अतीतच्या पुढे धाकटी रडायला लागली आणि मग सल्ले आले. टाकणखार मधात कालवून हिरडीला चोळा. डिकेमाली उगाळा. गळ्यात अमुक बांधा. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं तर पुढच्या काकू म्हणाल्या, आम्ही काय मेलो का? मेला नाहीत हो, पण म्हणून काय करू? आणि ताप, जुलाब, सर्दी, काहीही झालं की "दात येतायत". गेल्या महिन्यात तिला १०२ ताप होता तेव्हा पण घरात हेच चालू होतं, डॉक्टर चिडून म्हणाले, दातांनी लाळ गळते, चिडचिड होते, एवढा ताप येत नाही, आधी का नाही आणलं? तेव्हा बोलणी मी खाल्ली, दात येतायत म्हणणारे सगळे हॉलमध्ये टीव्ही बघत होते.

आजोबांनी काही सल्ला दिला नाही. उपरण्याचं टोक तिच्या हातात दिलं. मी नको नको म्हणेपर्यंत ते तोंडात गेलं होतं. ते उपरणं शेवटचं कधी धुतलं होतं देव जाणे, पण पोरगी गप्प झाली. दोघं बोळक्या तोंडाने एकमेकांकडे बघून हसत होते. दोघांचंही तिकीट माफ. मधल्या मध्ये बत्तीस दातवाल्यांनी तेवढे पैसे भरायचे.

"वरला आदी न्हाई ना आला?" त्यांनी हळूच विचारलं, कारण वरचा दात आधी आला तर मामाला जड जातं असं म्हणतात.

"नाही, खालचे."

"मग मामाला घोर न्हाई. बैलाला वर फुडं दातच नसत्यात, त्याच्या मामाला बी घोर न्हाई." आणि स्वतःच्याच जोकवर उंब्रजपर्यंत हसले.

कराडला भाऊ स्टँडवर न्यायला आला होता. इंजिनिअर माणूस, हे असलं काही मानत नाही. दोन्ही पोरं माझ्या अंगावर, पायाला मुंग्या, बॅग कंडक्टरनी उतरवून दिलेली, आणि याचा पहिला प्रश्न, "ताई, वरचा की खालचा?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून आजोबा ओरडले, "खालचं हायती! बिनघोर ऱ्हावा पावनं!" उपरणं अर्धं ओलं.

भावाच्या गाडीत थोरल्याने विचारलं, "आई, मी खराखुरा पाच वर्षांचा कधी होणार?"

"अजून चार महिने."

"मग तेव्हा मला खिडकी देशील?"