थायलंडचे तीस की साठ?

झालं, परत सुरू! सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड: 'थायलंडची व्हिसामाफी बंद!!!' खाली लाल बाण, तारखेचा पत्ता नाही. नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला विनाव्हिसा ३० दिवस होते, जुलै २०२४ मध्ये त्याचे ६० झाले. मार्च २०२५ मध्ये तिथल्या पर्यटनमंत्र्यांनी पुन्हा ३० वर आणायचं सूतोवाच काय केलं, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर ही सवलत दर पंधरा दिवसांनी मरते आणि पुन्हा जिवंत होते.

अहो काका, आपली ट्रिप चार रात्री, पाच दिवसांची! पटाया, बँकॉक आणि मावशीची बॅग फाटेपर्यंत खरेदी. तीस काय नि साठ काय, आपला चिवड्याचा डबाच तिसऱ्या दिवशी तळ गाठतो. पण नाही. 'तिकिटं रद्द करू या का रे?' (नॉन-रिफंडेबल आहेत. चारदा सांगून झालंय.)

आणि जे खरंच करायचंय, तो डिजिटल अरायव्हल कार्डाचा फॉर्म? पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा, तोही फुकट. परवा निघायचंय, एकानेही भरलेला नाही. काकूंनी मात्र कुठल्याशा भलत्याच साइटवर त्याचे पैसे मोजून ठेवलेत.