आत्या, त्या रुळांवर भुतं नाहीत, मालगाड्या आहेत

परवा सांगलीच्या आत्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. एरवी मी आत्याच्या फॉरवर्डला न वाचताच अंगठा देऊन मोकळा होतो. पण याच्याखाली तिच्या नातवाने, म्हणजे माझ्या भाच्याने लिहिलं होतं, "मामा, हे तर इथून दीड तासावर आहे! शनिवारी रात्री मित्रांबरोबर चाललोय." पोरगा एमएस करायला ऑस्टिनला आलाय, जुनी गाडी घेऊन जेमतेम महिना झालाय. त्यावर आजीचं उत्तर काय, तर "जाताना भीमरूपी म्हण." जाऊ नकोस असं एकालाही सुचलं नाही, म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्ड थोडक्यात असा. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या दक्षिण भागात एक रेल्वे क्रॉसिंग आहे. १९३०-४०च्या सुमारास तिथे शाळेची बस रुळांवर बंद पडली, गाडीने उडवली, मुलं गेली. तेव्हापासून ती मुलं येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी ढकलून रुळांपलीकडे पोचवतात. रुळांजवळ गाडी थांबवा, इंजिन बंद करा, न्यूट्रलला टाका, गाडी आपोआप चढ चढते. डिकीवर पावडर टाकलीत तर चिमुकल्या बोटांचे ठसे उमटतात. शेजारच्या गल्ल्यांनाही त्याच मुलांची नावं आहेत. 'शास्त्रज्ञ हतबल.' शेवटी आपल्या लडाखमधल्या लेहजवळची मॅग्नेटिक हिलही त्याच माळेत ओवलेली: तिथेही म्हणे गाडी आपोआप चढ चढते, आणि टेकडीतलं चुंबक वरून जाणारं विमानही खेचतं.

आधी अपघात. ही गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. १ डिसेंबर १९३८ला, बर्फ पडत असताना, जॉर्डन हायस्कूलची बस एका क्रॉसिंगवर आली. ड्रायव्हर थांबला, त्याला काही दिसलं नाही, त्याने बस पुढे घेतली आणि मालगाडीने ती चिरडली. ड्रायव्हर आणि वीसहून जास्त मुलं गेली. पण हे घडलं युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला. सॅन अँटोनियोपासून ते रस्त्याने २,००० किलोमीटरच्या पुढे आहे. बातमी सॅन अँटोनियोच्या पेपरांतही ठळक आली होती. लोक युटा विसरले, मुलं लक्षात राहिली. आपल्याकडे पांढऱ्या साडीतली बाई नाही का एका घाटातून दुसऱ्या घाटात बदली होऊन जात, तसलाच प्रकार. सॅन अँटोनियोतल्या त्या क्रॉसिंगवर असा अपघात झाल्याची नोंद नाही.

युटाच्या त्या मुलांमुळे खरंच काही बदललं असेल तर ते वेगळं आहे. इथे अमेरिकेत स्कूलबस रुळांपाशी येते, थांबते, ड्रायव्हर दार उघडतो, कान देऊन ऐकतो, मग पुढे जातो. भर उन्हात, दोन्हीकडे मैलभर मोकळं दिसत असतानाही. हा नियम त्या अपघातानंतर आला. बसमागे खोळंबलो की मीही चरफडतो, पण दार उघडताना दिसलं की गप्प बसतो.

आता ज्या मुद्द्यापायी माझं डोकं फिरलं तो. 'गाडी थांबवा, इंजिन बंद करा.' अरे, तो रूळ वापरातला आहे! तिथून मालगाड्या जातात. ताशी ९० किलोमीटरने येणारी लांबलचक मालगाडी इमर्जन्सी ब्रेक लावूनही दीड किलोमीटरच्या आत थांबत नाही. तिच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसलात तरी तो काही करू शकत नाही. आणि इंजिन बंद केलेल्या मोटारीचं स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही दोन-तीनदा दाबले की दगडासारखे घट्ट होतात. म्हणजे रात्रीच्या अंधारात, ताबा अर्धा गेलेली गाडी, माणसाच्या चालीने, चालू रुळांवरून न्यायची. आत चार पोरं, त्यातला एक मोबाइलवर शूटिंग करणारा. असल्या ठिकाणी भीमरूपी म्हणून काय होणार? मारुतीरायाने द्रोणागिरी उचलला होता, पण रुळांवर बंद गाडीत बसा असं त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

बरं, गाडी चढ चढते का? गाडी सरकायची, हे खरं (२०१८च्या सुमारास रुळांचं काम झालं आणि तो उतारच गेला). २०१५ साली मी स्वतः पाहिलंय, भर दुपारी, बाजूला उभं राहून, दुसऱ्यांच्या गाड्या. डोळ्यांना तो चढच वाटायचा, माझ्याही वाटला. पण तो उतार होता. २००३ साली पाओला ब्रेसान आणि त्यांच्या दोन इटालियन सहकाऱ्यांनी 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात गाड्या आपोआप 'चढवणाऱ्या' असल्या सगळ्या टेकड्यांचा निकाल लावला. त्यांनी टेबलावर रस्त्यांची छोटी मॉडेल्स केली, रस्त्याच्या तुकड्यांचा कल आणि क्षितिजाची उंची बदलत नेली आणि माणसांना बघायला लावलं. टेबलावरचा उतारही लोकांना चढ दिसला. तिथे ना भूत होतं, ना चुंबक. कारण असं की आपली नजर सपाटी ठरवते ती आजूबाजूचं बघून. खरं क्षितिज झाडांनी किंवा टेकडीने झाकलं, किंवा तीव्र उतारानंतर सौम्य उतार आला, की तो सौम्य उतार चढासारखा भासतो. गवंडी भिंत बांधताना नजरेवर विसंबत नाही, पाण्याची पारदर्शक नळी दोन टोकांना धरतो. ती नळी घेऊन जा म्हणावं त्या 'हतबल शास्त्रज्ञांना'.

ठसे. हे तर मला घरीच सापडले. डिकीचं झाकण आपण रोज हाताने दाबतो, बोटांचा तेलकटपणा तिथे राहतो, पावडर त्याला चिकटते. पोलीस ठसे घेतात ते याच तत्त्वावर. मी दारातच उभ्या असलेल्या माझ्या गाडीवर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि फुंकर मारली. चार अर्धवट बोटं आणि खाली एक लहान पंजा. पंजा माझ्या मुलीचा, ती सायकल काढताना गाडीला टेकते. मग अर्धी डिकी साबणाने धुऊन, पुसून, वाळवून पुन्हा पावडर टाकली. धुतलेला भाग कोरा.

गल्ल्यांची नावं: सिंडी स्यू, लॉरा ली वगैरे. त्या वसाहतीच्या बिल्डरने आपल्या नातवंडांची नावं दिली होती. आपल्याकडे बिल्डर बिल्डिंगला आईचं नाव देतो, इतकंच ते.

लेहबद्दल फार लिहीत नाही. तिथेही तोच दृष्टिभ्रम. चुंबक विमान खेचतं म्हणणाऱ्याने घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला फ्रिजवरचं चुंबक लावून बघावं. मी गेलो तेव्हा गाडी सरकली, मजा वाटली, फोटो काढला. तिथे निदान रूळ तरी नाहीत.

तर भाचेबुवा, शनिवारी सॅन अँटोनियो रद्द. गाडी घेऊन इकडे या. पावडरचा डबा आणून ठेवलाय, ठसे तुझ्या डिकीवर शोधू. आणि आत्या, अकरा जणांना पाठवलं असशील ना, त्या अकरा जणांना हेही पाठव.