रात्री आठच्या आत जेवा म्हणे!

काल कंपनीत तपासणी शिबिर होतं. तिसरी पाळी करून सकाळी सातला सुटलो, तर शिबिर अकराला! चार तास गेटवरच्या टपरीवर जांभया देत काढले. डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट बघितला. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, 6.2. 5.7 ते 6.4 म्हणजे शुगरचा उंबरठा. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणले, "रात्री आठच्या आत जेवत चला."

आठच्या आत! अहो, आठला तर माझी सकाळ होती. माझ्या कार्डावर तिसरी पाळी एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, ते तरी वाचा की. वरून "जेवल्यावर शतपावली करा." कुठं करू, कन्व्हेयरवर? "सात तास शांत झोप घ्या." वाळूजमधी पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, भर दुपारी? त्यात नळाला आठवड्यानं पाणी येणार तेही नेमकं बारा वाजता, अन् घरमालकाची मोटार माझ्याच उशाशी. पाण्याचं तर बोलूच नका, डोकं फिरतं.

अडीच वाजता कँटीनला काय असतं? संध्याकाळचे समोसे, त्याच काळ्या तेलात परत तळलेले. पाव दाबला की बोट उमटतं अन् तसंच राहतं. चहा म्हणजे पाकच. पहिल्या पाळीला ताक, काकडी, समदं. आम्ही केळं मागितलं तर कँटीनवाला हसला!

रात्री झोपेचं हार्मोन मेलाटोनिन चढलेलं असतं, शुगर आवरणारं इन्सुलिन ढेपाळतं, दुपारच्यापेक्षा शुगर जास्त चढते. कळतं हो, मोबाईल माझ्याकडंबी आहे. 2021 साली अमेरिकेत 19 जणांना रात्रपाळीसारखं जागवून बघितलं. जे फक्त दिवसा जेवले त्यांची शुगर चढली नाही. झकास. पण त्यांना पहाटे तीनला सुपरवायझरला नगांचा हिशोब द्यायचा नव्हता.

डबा काहून नेत नाही म्हणाल, तर नेतो ना. बायको ज्वारीची भाकरी, येसर, ठेचा बांधून देती. पण अकराला आत शिरलो की साडेअकराला डबा चाटूनपुसून साफ. तिला वाटतं तीनला जेवतो. मग अडीचला पोट कोकलतं.

काल रात्रीबी कँटीनला शिव्या देत देत दोन समोसे हाणले. तिसऱ्यासाठी रांगेत उभा होतो, तर मागचं पोरगं म्हणलं, "दादा, शिबिरात सगळं नॉर्मल आलं वाटतं?"