"आठवी पास बाईला ट्रेनिंग देऊन काय होणार?" या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन आठवड्यांत हा मेसेज मला चार ग्रुपवर आला आणि शेवटी सख्ख्या मामेभावानेच टाकला म्हणून लिहायला बसले. मेसेज थोडक्यात असा: आशा वर्करच्या, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्तीच्या, ट्रेनिंगवर सरकारचा पैसा वाया जातोय, आठवी-दहावी शिकलेल्या बाईला वैद्यकीय गोष्टी काय कळणार, त्यापेक्षा डॉक्टर भरा. डॉक्टर काही गरीब-श्रीमंत, जातपात बघत नाही, औषध सगळ्यांना सारखंच, त्यामुळे ते संवेदनशीलतेचं, म्हणजे पेशंटशी भेदभाव न करता नीट कसं वागायचं याचं, ट्रेनिंग वगैरे थोतांड आहे. आणि ट्रेनिंग म्हणजे नुसता चहा-बिस्किटाचा कार्यक्रम.

माझ्या मोठ्या जाऊबाई आशा आहेत, मी त्यांच्यासोबत फिरलेय, त्यामुळे हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आधी ते "कमी शिकलेल्या बाईला काय कळणार". गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 39 गावांत नेमका हाच प्रश्न तपासून बघितलाय. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं, वजन, ताप, श्वास, इतकंच काय तर जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही. सुरुवातीला तिथे हजारी 62 बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती, तिसऱ्या वर्षी हा आकडा 25.5 वर आला, आणि शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं तिथे तो जवळपास होता तिथेच राहिला. 1999 साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलंय. त्याच्याही आधी ज्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी यांनी मण्यांचं एक साधन केलं होतं, एक मिनिटाची वाळूघडी आणि शेजारी मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलात तर न्यूमोनिया समजायचा. म्हणजे शिकवणाऱ्याने डोकं लावलं तर निरक्षर बाईलाही न्यूमोनिया ओळखता येतो. आज देशभर आशा ज्या बाळंतिणीच्या घरी फेऱ्या करतात, दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, ते काम याच अनुभवातून आलंय.

आता मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. गेल्या पावसाळ्यात जाऊबाईंसोबत गावाबाहेरच्या वस्तीवर गेले होते, बाळ सात दिवसांचं. आधी त्यांनी साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, मग झोळीच्या काट्यावर वजन, एकोणीसशे ग्रॅम. मग हाताची मागची बाजू बाळाच्या तळपायाला लावली, मग पोटाला. पाय गार, पोट गरम. मला काहीच कळलं नाही, त्यांना लगेच कळलं की बाळ गारठायला लागलंय, अजून थोडा वेळ गेला तर पोटही गार पडेल आणि मग अवघड होईल. बाळाला गुंडाळलं होतं नायलॉनच्या जुन्या साडीत. ती काढून बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं, वरून दुपटं आणि गोधडी, डोक्याला टोपी, आणि आजीशी भांडण न करता, "आत्या, तुमचंच नातवंड आहे, तुम्हीच सुनेला सांगा दर दोन तासांनी पाजायला" असं म्हणून तिला आपल्या बाजूला घेतलं. अर्ध्या तासाने पाय गरम. एमबीबीएसचं पुस्तक न वाचलेल्या बाईने केलं हे, आणि ते "आत्या" म्हणणंसुद्धा बोलायचं कसं हे शिकवल्यावर आलंय असं त्या स्वतः सांगतात.

डॉक्टर भरा, हे शंभर टक्के बरोबर आहे, रिकाम्या जागा भरायलाच पाहिजेत, पण "त्यापेक्षा" कशाला? त्या वस्तीवरून आमचं पीएचसी, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र, अठरा किलोमीटर, नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद. गारठणारं बाळ डॉक्टरपर्यंत पोचवायचं तर आधी ते गारठतंय हे घरात कुणाला तरी कळायला हवं ना.

आणि "डॉक्टर भेदभाव करत नाही" यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. बहुतेक डॉक्टर ठरवून करत नाहीत, मान्य. पण आमच्या ओळखीची एक कातकरी बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा एका दवाखान्यात गेली तर सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "इतके दिवस काय झोपा काढल्या का, तुम्हा लोकांना कळत नाही का." ती सोनोग्राफी न करताच घरी आली आणि परत गेलीच नाही, बाळंतपण झोपडीत झालं. औषध सारखंच होतं हो, पण ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया बोलणाऱ्या बाईला दुखतंय कुठे हे मराठीत सांगताच येत नसेल तर काय करायचं, हे शिकवल्याशिवाय कुणाला येत नाही. आणि चुकीचं शिकवलेलंही असतं. आपल्याच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाने "कौमार्याची लक्षणं" हा भाग अभ्यासक्रमातून काढला तो 2019 साली, आणि टू-फिंगर टेस्टबद्दल, म्हणजे बलात्काराच्या तक्रारीनंतर बाईची दोन बोटांनी केली जाणारी योनीतपासणी, कोर्टाने आधीच सांगूनही 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाला परत खडसावून म्हणावं लागलं की ही थांबवा आणि मेडिकल कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल करा. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर हे पुस्तकातून शिकूनच बाहेर पडत होते. यंत्राचंही तसंच, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या रंगाच्या पेशंटमध्ये कमी झालेला ऑक्सिजन गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा चुकवतो असं 2020 मध्ये अमेरिकेत दिसून आलं. हे माहीत असलेली नर्स नुसत्या आकड्यावर विसंबणार नाही, पेशंटकडेही बघेल.

राहिलं चहा-बिस्किट. अशी ट्रेनिंगं होतात, खोटं कशाला बोलू, सह्या घ्या, फोटो काढा, जेवा आणि जा. पण त्यावर उपाय ट्रेनिंग बंद करणं हा नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळेंनी 1970 पासून गावागावातल्या बायका, त्यात कित्येक दलित, कित्येक निरक्षर, पुन्हा पुन्हा बोलावून शिकवल्या, सगळ्या जातींच्या बायका एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, गावात काय अडलं ते सांगायच्या आणि त्यातून पुढचं शिकायच्या. जाऊबाईही हेच म्हणतात, वर्गात ऐकलेलं अर्धं विसरतं, पण गटप्रवर्तक ताई, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, सोबत घरी येऊन चूक दाखवते ते विसरत नाही. शिवाय काटा बिघडला की महिनोन्‌महिने दुरुस्त होत नाही, आणि जाहीर केलेल्या मानधनवाढीचा सरकारी आदेश निघावा म्हणून 2024 च्या सुरुवातीला याच बायकांना आझाद मैदानावर बसावं लागलं. पैसा कुठे कमी पडतोय ते बघायचं असेल तर इथे बघा.

दादा, तू हा मेसेज पाठवलास म्हणून तुलाच सांगते. येत्या गुरुवारी वस्तीवर एका बाळाची एकविसाव्या दिवसाची फेरी आहे. जाऊबाईंना विचारलंय, त्या म्हणाल्या येऊ दे, फक्त बाळाला हात लावायच्या आधी हात धुवायला सांग.