सगळ्या इमेजवर ‘अ‍ॅडमिन’च का नको?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेल कारखान्यांचे सर्व्हर तुम्ही सांभाळता. तुमची तक्रार अशी की उबंटू, डेबियन, रॉकी या लिनक्स वितरणांच्या तयार इमेजमध्ये (नवा सर्व्हर ज्या साच्यातून उभा राहतो त्यात) प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, त्यात ही नावं जगजाहीर. म्हणून सगळीकडे ‘अ‍ॅडमिन’ हे एकच नाव ठेवावं, आणि मी आधीच्या लेखात वितरणाचंच ठरलेलं नाव ठेवायला सांगून चूक केली.

एकच नाव हवं, हे तुमचं पटलं. त्या मुद्द्यावर माझा लेख अपुरा होता. पण ‘अ‍ॅडमिन’ नको. पासवर्ड शोधणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यासोबत हेच नाव सर्रास ठोकून बघतात. शिवाय सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं, कुणाला जमेल हे सुडोअर्स फाईल ठरवते. उबंटूच्या या फाईलमध्ये ‘अ‍ॅडमिन’ गटाला सुडोचा हक्क आधीच दिलेला असतो. त्या नावाचा साधा युजर बनवला तरी त्याच नावाचा गट तयार होतो आणि न मागता सुडो मिळतो.

नाव माहीत असणं हा धोका मानू नका. क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला सर्व्हरची मांडणी करणारा प्रोग्राम) डिफॉल्ट युजरचा पासवर्ड कुलूपबंद ठेवतं, आत जायचं ते एसएसएच किल्लीनेच, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या किल्लीच्या फाईलने. धोका सुरू होतो तो कुणीतरी सोयीसाठी पासवर्ड लॉगिन चालू करतं तेव्हा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कंपनीने एप्रिल 2022 मध्ये ‘पाय’ हा ठरलेला युजर काढून टाकला; त्याच्यासोबत ठरलेला पासवर्डही यायचा.

आता एकच नाव कसं ठेवायचं ते. बरेच जण युजर-डेटातल्या (नवा सर्व्हर बनवताना क्लाउड-इनिटला द्यायच्या फाईलमधल्या) ‘युजर्स’ यादीत आपलं नाव लिहितात आणि ‘डिफॉल्ट’ ही नोंद गाळतात. मग क्लाउड कंपनीच्या वेब कन्सोलमध्ये निवडलेली किल्ली नव्या युजरकडे जातच नाही. किल्ली आणि सुडो दोन्ही त्याच्या नोंदीत हाताने लिहावे लागतात. विसरलात तर ‘परमिशन डिनाइड’. त्यापेक्षा ‘युजर’ ही एकवचनी नोंद घ्या (शेवटी ‘एस’ नाही, इथेच घोळ होतो) आणि तिच्यात फक्त ‘नेम’ बदला. किल्ली, सुडो, शेल सगळं डिफॉल्टचंच राहतं. पहिली ओळ हॅश-क्लाउड-कॉन्फिग (#cloud-config) अशी, मध्ये जागा न सोडता. नाहीतर फाईल कॉन्फिग म्हणून वाचलीच जात नाही.

हे नवीन मशीनच्या पहिल्या बूटलाच करायचं. चालू सर्व्हरचा युजर-डेटा बदलून रीबूट केलं तरी जुना युजर तसाच राहतो. तिथे नवा युजर हाताने बनवा, दुसऱ्या टर्मिनलमधून त्याचं लॉगिन आणि सुडो तपासा, आणि तोवर पहिलं सेशन बंद करू नका.