सावरीचं सरपण: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

परतीच्या पावसात पडलेली काटेसावर फुकट कुजू देऊ नका, फोडून वाळवा आणि सरपणाला वापरा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. सावरीला आग नाही, नुसता धूर, आणि तुमच्या आजी ती चुलीपाशी आणूही देत नसत. नखाने ओरखडा उठावा एवढ्या मऊ लाकडाला मी हार्डवुड म्हटलं, ते चूक. आणि असं लिहून मी लोकांच्या हातात कुऱ्हाड देतोय. हा शेवटचा आरोप मला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

हार्डवुडचं आधी सांगून टाकतो. वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या, फुलणाऱ्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड आणि देवदार-चीडसारख्या सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. हात लावून कठीण लागतं की मऊ, याच्याशी त्या नावाचा संबंध नाही. खेळण्यातली विमानं करतात ते बाल्सा लाकूडही हार्डवुडच, आणि ते झाड सावरीच्याच कुळातलं. पण मी ही फोड न करता शब्द तसाच टाकला, ती चूक माझी.

आता धूर. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या पाणंदीत सावरीची एक जाड फांदी मोडून पडली. तिचा हातभर लांबीचा एक तुकडा मी ताणकाट्याला लावला, तो 11 किलो भरला. तो लगेच चार फाळ्या करून पडवीत वाऱ्यावर उभा केला. शिमग्याला त्याच फाळ्या पुन्हा तोलल्या, तर साडेचार किलो. घटलेलं सगळं पाणी होतं, ताई! एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण 600 किलोकॅलरी लागतात आणि एक किलो सुकं लाकूड सुमारे 4,500 देतं. म्हणजे तो तुकडा ओला चुलीत घातला असता, तर त्यातल्या लाकडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा नुसतं स्वतःतलं पाणी उडवण्यात गेला असता. आग थंड राहते, लाकडातला वायू पुरता जळत नाही आणि तोच डोळ्यांत जातो. तुमच्या आजींनी पाहिलेला धूर खरा होता. माझ्या मते तो ओलीचा होता.

त्याच फांदीचा बुंध्याकडचा ओंडका मी मुद्दाम सालीसकट तसाच ठेवला होता. जानेवारीत साल उचकटली तर आत पांढरी बुरशी आणि भुंगेऱ्यांनी पाडलेला पिठासारखा भुगा. बोट दाबलं की आत जात होतं. खैर किंवा ऐन वर्षभर अंगणात पडला तरी तग धरतो, सावर धरत नाही. पडल्या आठवड्यात फोडली आणि कोरड्यात रचली तरच ती सरपण होते.

वाळल्यावर मात्र किलोमागे उष्णता बाभळीला आणि सावरीला जवळपास सारखीच. फरक आकारमानाचा. घनफूटभर वाळलेली बाभूळ 22 किलोच्या आसपास जाते, सावर जेमतेम 10. म्हणून सावर भराभर पेटते, भडकते आणि संपते. निखारा राहत नाही. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याशी फुगवायची, तर सावरीवर ती फुगायची नाही. इथे तुमच्या आजींना मी पूर्ण मानतो. आमच्याकडे ती न्हाणीघराच्या चुलीला जाते, सकाळी अंघोळीचं पाणी पटकन तापवायला, आणि बारीक ढलप्या पेटवणाला. गाडीच्या भावाने सरपण विकत घेणाऱ्याने मात्र सावर घेऊ नये. गाडी भरलेली दिसते, पण घरी येते ती निम्म्याहून कमी आग.

आणि म्हणूनच कुऱ्हाडीचा मुद्दा. उभी सावर सरपणासाठी तोडणं हा सगळ्यात वाईट सौदा आहे. बाभळीएवढी आग मिळवायला दुपटीहून जास्त लाकूड तोडावं लागतं, वर महिनोन्महिने वाळवण्याची खटपट. आणि जातं काय? फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर करपलेला असतो, तेव्हा हे निष्पर्ण झाड लाल फुलांनी भरतं. मैना, बुलबुल, कोतवाल, खारी दिवसभर त्यावर. खाली पडलेली फुलं भेकरं खातात. उंच जुन्या सावरीला आग्या मोहोळं लटकतात. काही गावांत होळीसाठी ऐन फुलोऱ्यातली सावर तोडून आणतात, ते पाहताना माझ्या पोटात खड्डा पडतो. मी लिहिलं ते पडलेल्या झाडाबद्दलच, पण ‘उभ्याला हात लावू नका’ हे वाक्य त्या लेखात नव्हतं. तुमच्यामुळे आज ते वरच घातलं आहे.

तुमच्या परसातल्या वठलेल्या सावरीचं विचारलंत. कौलांवर पडेल अशी झुकली असेल, तर वनखात्याकडे चौकशी करून उतरवून घ्या. तसं नसेल, तर आधी दोन-तीन सकाळी खोडाकडे नीट बघा. लहानसं गोल भोक दिसलं आणि त्यातून तांबट किंवा कुटुर्गा पक्षी ये-जा करताना दिसला, तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. असं मऊ, वठलेलं लाकूडच त्यांना घर कोरायला लागतं.