टाइल्स चमकवायला क्लोरीन कशाला?

दिवाळीची साफसफाई जवळ आली की तो मेसेज पुन्हा उगवतो: ‘ग्रॅनाइटचा ओटा आणि टाइल्स दहा मिनिटांत नव्यासारख्या!’ सांध्यांवर टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करून ओता, ओटा व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याने घासा, डागांवर लिंबू चोळा, ग्रॅनाइटला काही होत नाही, शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवा. यंदा तो आमच्या इंदूरच्या घरच्या ग्रुपवर राजेंद्र नगरच्या आत्यानं टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली, आणि झाडू-पोछा करणाऱ्या ताईंना तिनं दोन्ही बाटल्या काढूनही दिल्या होत्या. फोन वेळेवर लागला म्हणून ठीक.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्यानं शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. आता सांधे कोण घासतं आणि कसं, ते आठवा: उकिडवं बसून, तोंड फरशीपासून हातभर अंतरावर, बहुतेक खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये. मेसेज लिहिणारा ब्रश हातात घेऊन बसत नाही, ताई बसतात.

‘आम्ही थोडंसंच घालतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी: टॉयलेट क्लीनरच हवं असंही नाही, व्हिनेगरही पुरतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या एप्रिल २०२० च्या अहवालात एका बाईची हकीकत आहे. कोरोनाच्या भीतीनं तिनं सिंकमध्ये ब्लीचचं पाणी, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र करून त्यात भाजी-फळं भिजत घातली. क्लोरीनसारखा वास आला, खोकला सुरू झाला, श्वास लागला, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. ऑक्सिजन आणि श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यावर काही तासांनी ती घरी गेली. त्याच अहवालानुसार २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत क्लीनर आणि जंतुनाशकांबद्दल तिथल्या विषबाधा केंद्रांकडे आलेले फोन आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २०.४ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे ब्लीचच्या बाटलीवरही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आम्लात मिसळू नका. चष्मा लावून वाचा.

आणि एवढं करून सांधे उजळत नाहीत ते वेगळंच. सांधा सिमेंटचा, आम्ल सिमेंट खातं. वरचा मळ निघतो तो सांध्याच्या थरासकट. मग तो खरखरीत होतो आणि पुढच्या वेळी आणखी लवकर काळा पडतो. कोमट पाणी, सोड्याचा घट्ट लेप आणि जुना टूथब्रश. कंटाळवाणं आहे, पण तेच.

व्हिनेगर-सोडा: फेस पाहून लोक खूश होतात. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, हातात उरतं ते सोडियम ॲसिटेटचं, म्हणजे साध्या क्षाराचं, पाणी. पुढे.

लिंबाबाबत मात्र अर्धं कबूल करावं लागतं. संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यावर लिंबू पडलं की पॉलिश जातं. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार लिंबाला दाद देत नाहीत. बोअरिंगच्या पाण्यानं नळाभोवती जो पांढरा थर बसतो तोही लिंबानं सुटतो, हे खरंय. पण दगडावरचा सीलर, म्हणजे पाणी-तेल आत मुरू न देणारा लेप, रोजच्या आम्लानं झिजतो, आणि दुकानात काळा ग्रॅनाइट म्हणून जे विकतात त्यात काही वेळा रंग चढवलेला दगडही असतो. तो फिका पडतो. रोजसाठी भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात, मऊ कापड, मग कोरडं पुसणं.

राहिलं खोबरेल. दोन दिवस चमकतं, मग त्यावर धूळ आणि फोडणीचे शिंतोडे चिकटतात, दगड सच्छिद्र असेल तर तेल आत जाऊन काळपट डाग धरतं. असा डाग आधीच पडला असेल तर सोडा पाण्यात घट्ट कालवून त्यावर थापा, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा, मग प्लास्टिक काढा आणि लेप वाळला की लाकडी उलथन्यानं काढा. एकदा नाही गेला तर पुन्हा. सीलर लागेल का ते पाण्याचे थेंब दहा-पंधरा मिनिटं ठेवून बघा. खाली दगड गडद झाला तर लावा, नाहीतर दुकानदार कितीही मागे लागला तरी पैसे वाचवा.